स्टुडिओ बंद करायचाय? मग गेम त्या टीमला द्या

७ मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागातून एक अंतर्गत मेल गेला आणि टोकियोमधला टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद होणार हे जगाला कळलं. त्याच मेलमध्ये टेक्सासमधला अर्केन ऑस्टिन पण बंद, कॅनडातला अल्फा डॉग गेम्स पण बंद. अर्केन ऑस्टिनचं एक वेळ समजू शकतो, त्यांचा 'रेडफॉल' २०२३ मध्ये आला आणि सपशेल आपटला, लोकांनी अक्षरशः धुतला. पण टँगोचं काय? त्यांनी त्याच वर्षी 'हाय-फाय रश' दिला होता, जो रिव्ह्यू देणाऱ्यांनाही आवडला आणि खेळणाऱ्यांनाही, गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट ऑडिओ डिझाइन मिळालं, बंद व्हायच्या महिनाभर आधी अॅनिमेशनसाठी बाफ्टा मिळाला. म्हणजे एकाने आपटी खाल्ली, दुसऱ्याने मैदान मारलं, आणि दोघांनाही एकाच मेलने घरी पाठवलं. आणि कहर म्हणजे दुसऱ्याच दिवशी एक्सबॉक्स स्टुडिओजचा प्रमुख मॅट बूटी कर्मचाऱ्यांच्या मीटिंगमध्ये म्हणाला की आपल्याला छोटे, प्रतिष्ठा आणि पुरस्कार मिळवून देणारे गेम हवेत. ही बातमी बाहेर आली तेव्हा लोकांना आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय.

यावर तेव्हा भरपूर राग व्यक्त झाला, मीम झाले, दोन आठवड्यांत सगळे पुढे गेले. माझं म्हणणं रागाच्या पलीकडचं आहे. मोठ्या कंपनीने स्टुडिओ विकत घेऊ नये असं मी म्हणत नाही, तोट्यातला धंदा चालवतच राहा असंही म्हणत नाही. पण स्टुडिओ बंद करताना त्या टीमने केलेल्या गेमचे हक्क स्वतःच्या कपाटात ठेवायचे आणि माणसांना रस्त्यावर सोडायचं, हे कायद्याने किंवा निदान कराराने बंद झालं पाहिजे. पहिला हक्क टीमचा. हे का म्हणतोय ते कळायला टँगोचा इतिहास थोडा बघावा लागेल, आणि तो कॅपकॉम या जपानी गेम कंपनीपासून सुरू होतो.

टँगो ज्याने काढला तो शिंजी मिकामी १९९० मध्ये कॅपकॉममध्ये लागला. १९९६ मध्ये त्याने डायरेक्ट केलेला 'रेसिडेंट ईव्हिल' आला (जपानात 'बायोहॅझर्ड'), आणि सर्व्हायव्हल हॉरर या प्रकाराला जगभर ओळख मिळाली. पण मला मिकामीची मोठी गोष्ट हा गेम वाटत नाही. दुसऱ्या भागाला त्याने डायरेक्टरच्या खुर्चीत स्वतः न बसता हिदेकी कामिया नावाच्या विशीतल्या पोराला बसवलं, आणि १९९८ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल २' पहिल्यापेक्षा मोठा झाला. मग कामियाला चौथा भाग करायला दिला, तो करता करता गेम इतका वेगळ्याच दिशेला गेला, इतका स्टायलिश आणि हाणामारीचा झाला, की तो 'रेसिडेंट ईव्हिल' राहिलाच नाही. आता अशा वेळी काय करतात? बहुतेक ठिकाणी फाइल बंद, खर्च बुडीत खात्यात. इथे त्यालाच वेगळं नाव दिलं गेलं आणि २००१ मध्ये 'डेव्हिल मे क्राय' आला, म्हणजे कॅपकॉमला एक अख्खी नवीन मालिका मिळाली जी आजही चालू आहे. 'रेसिडेंट ईव्हिल ४' ची गाडी त्यानंतरही बऱ्याच वेळा रुळावरून घसरली, आराखडे फेकले गेले, शेवटी मिकामी स्वतः डायरेक्टर झाला आणि २००५ च्या सुरुवातीला जो गेम आला त्याने खांद्यामागून दिसणारा कॅमेरा सगळ्या इंडस्ट्रीला शिकवला.

ही गोष्ट लांबवली कारण यात माझा मुद्दा आहे. फसलेला आराखडा वाया जात नाही, पण एका अटीवर, तो करणारी माणसं त्याच इमारतीत असली पाहिजेत. एका टीमने तीन वर्षं काहीतरी केलं आणि ते फसलं, तर त्या तीन वर्षांत शिकलेलं कुठे असतं? हार्ड डिस्कवर नसतं. कोणता कॅमेरा नडतो, कोणत्या प्रोग्रामरला कोणत्या अॅनिमेटरची भाषा कळते, कोण 'हे होणार नाही' म्हणाला की खरंच होणार नसतं आणि कोण नुसतं कुरकुर करतो, हे सगळं त्या माणसांमध्ये असतं आणि ती एकत्र असतील तोवरच असतं.

बरं, कॅपकॉमला स्वतःला तरी हे कळलं का? तर नाही. २००४ मध्ये त्यांनी ओसाकात क्लोव्हर स्टुडिओ काढला, त्यात कामिया, अत्सुशी इनाबा वगैरे मंडळी, नंतर मिकामीही. २००६ मध्ये क्लोव्हरने 'ओकामी' दिला. शाईच्या फटकाऱ्यांनी काढलेल्या जपानी चित्रासारखा दिसणारा गेम, तुम्ही पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवी अमातेरासू, शेपटीने आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो. कौतुक प्रचंड झालं, विक्री मात्र थंड. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅपकॉमने क्लोव्हर बंद करायचं जाहीर केलं, मार्च २००७ मध्ये विषय संपला. माणसं बाहेर पडली आणि त्यातूनच प्लॅटिनमगेम्स उभा राहिला, ज्याने पुढे 'बेयोनेटा' दिला, 'नीर: ऑटोमाटा' दिला, आणि हे दोन्ही दुसऱ्या पब्लिशरांचे. 'ओकामी' मात्र कॅपकॉमकडेच राहिला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा नव्या कन्सोलवर आणला, एचडी केला, हँडहेल्डसाठी एक पुढचा भागही काढून बघितला. पण लोक ज्याची वाट बघत होते तो खरा सीक्वेल काही येईना. आणि शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये जेव्हा तो जाहीर झाला तेव्हा डायरेक्टर कोण? कामिया. कुठल्या स्टुडिओत? त्याने नव्याने काढलेल्या, आणि नाव काय ठेवलं तर क्लोव्हर्स! म्हणजे ज्याचा स्टुडिओ १७ वर्षांपूर्वी बंद केला त्याच माणसाकडे कॅपकॉमला परत यावं लागलं. आयपी, म्हणजे गेमचं नाव, पात्रं, कोड, संगीत यांची मालकी, पूर्ण वेळ कॅपकॉमकडे होती. करणारी माणसं नव्हती. मालकी असून एवढी वर्षं उपयोग किती झाला ते दिसलंच.

आता टँगो. मिकामीने १ मार्च २०१० ला टोकियोत स्वतःचा स्टुडिओ काढला. हेतू त्याने वेगवेगळ्या मुलाखतींत सांगितलाय, नवीन मुलांना डायरेक्टर व्हायची संधी मिळेल अशी जागा. पण स्टुडिओ काढणं आणि दर महिन्याला पगार करणं या दोन वेगळ्या गोष्टी. काही महिन्यांतच पैशाची ओढाताण सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या झेनिमॅक्सने (बेथेस्डा या गेम पब्लिशरची मूळ कंपनी, जी पुढे मायक्रोसॉफ्टने घेतली) टँगो विकत घेतला. एक सायन्स फिक्शन प्रोजेक्ट आधी चालू होता तो गुंडाळला गेला. २०१४ मध्ये 'द ईव्हिल विदिन' आला, जपानात त्याला 'सायकोब्रेक' म्हणतात. चांगला गेम, पण आडदांड, काही ठिकाणी छळणारा, वर खाली काळ्या पट्ट्या मारून सिनेमासारखा अरुंद केलेला, मला तो आवडतो पण कुणाला आवडला नाही तर मी भांडणार नाही.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. या गेमला दोन जोडभाग काढले गेले, २०१५ मध्ये, 'द असाइनमेंट' आणि 'द कॉन्सिक्वेन्स'. ते डायरेक्ट केले जॉन जोहानास नावाच्या एका अमेरिकन मुलाने, जो टँगोमध्ये खालच्या पायरीपासून वर आला होता. छोटं काम, छोटा धोका. ते जमलं तर २०१७ मध्ये अख्खा 'द ईव्हिल विदिन २' त्याच्याकडे. तो जमला, तर मग स्वतःची कल्पना मांड. आणि हॉरर करणाऱ्या स्टुडिओत या पठ्ठ्याने काय मांडावं, तर रंगीबेरंगी कार्टूनसारखा, विनोदी, रॉक संगीताच्या ठेक्यावर चालणारा मारामारीचा गेम. दुसऱ्या कुठल्याही कंपनीत मीटिंग पाच मिनिटांत संपली असती. इथे मोजक्या लोकांनी आधी नमुना करून बघितला, तो खेळून बघितल्यावर वरच्यांना पटलं. दरम्यान स्टुडिओची दुसरी टीम 'घोस्टवायर: टोकियो' करत होती, माणसं गायब झालेलं शिबुया, पावसात छत्र्या घेऊन उभी भुतं, तो २०२२ मध्ये आला.

'हाय-फाय रश' २५ जानेवारी २०२३ ला जाहीर झाला आणि त्याच दिवशी विकायला आला. आधी ना ट्रेलर, ना वर्षभराचा गाजावाजा. खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या गेममध्ये सगळं ठेक्यावर चालतं, झाडं डोलतात, यंत्रं आपटतात, मांजर शेपूट हलवतं, शत्रू वार करतात ते पण ठेक्यावर. आता ठेक्याचे गेम म्हटले की माझ्यासारखा बेसूर माणूस लांब पळतो, कारण एक बटण चुकलं की खेळ खल्लास. इथे त्यांनी डोकं लावलंय. तुम्ही बटण कधीही दाबा, तुमचा फटका बसतो तो ठेक्यावरच, अॅनिमेशन स्वतःला ताणून किंवा आवळून घेतं. ठेक्यात दाबलंत तर जास्त गुण, नाही दाबलंत तर शिक्षा नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण यासाठी प्रत्येक हालचाल, प्रत्येक शत्रू, प्रत्येक आवाज, दृश्यांमधली पावलंसुद्धा एकाच घड्याळाला बांधावी लागतात, आणि खेळणाऱ्याला ते जाणवता कामा नये. हे काम अॅनिमेटर, साउंडवाला, प्रोग्रामर आणि डिझायनर रोज एकमेकांच्या डोक्यावर बसल्याशिवाय होत नाही. अॅनिमेशन आणि ऑडिओचेच पुरस्कार मिळाले ते उगाच नाही.

आणि गोष्ट काय आहे बघा. हीरोचं नाव चाय (हसू नका). तो एका अवाढव्य टेक कंपनीच्या कॅम्पसवर यांत्रिक हात बसवून घ्यायला जातो, चुकून त्याचा म्युझिक प्लेअर छातीत बसतो, आणि कंपनी त्याच्यावर 'सदोष माल' असा शिक्का मारून त्याला नष्ट करायला रोबो पाठवते. मग तो एकेका विभागाच्या प्रमुखाशी लढतो, प्रॉडक्शन, आरअँडडी, सिक्युरिटी, मार्केटिंग, आणि शेवटाकडे फायनान्सचा प्रमुख. आरअँडडीवाला तर लढाईच्या मधोमध बजेट संपल्यामुळे हरतो. कंपनीच्या हिशेबात न बसणाऱ्या माणसाला कंपनीच निकालात काढते, यावर विनोदी गेम करणाऱ्या टीमला सव्वा वर्षात तेच बघावं लागलं.

आता लोक म्हणतील, पुरस्कार ठीक, पैसे किती कमावले? प्रश्न रास्त आहे, टाळणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आकडा आला तीस लाख खेळाडूंचा. खेळाडू, ग्राहक नव्हे. गेम पहिल्या दिवसापासून गेम पासवर होता, म्हणजे महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला वेगळे पैसे द्यायचे नव्हते. त्यामुळे किती प्रती विकल्या यावरून काही कळत नाही, आणि हा निर्णय टँगोचा नव्हता, मालकाचा होता. मालकाने आधी सांगितलं की आम्हाला विक्री महत्त्वाची नाही, लोक वर्गणीदार राहिले पाहिजेत, त्यासाठी असे वेगळे गेम हवेत. एप्रिल २०२३ मध्ये एक्सबॉक्सच्या मार्केटिंगचा प्रमुख अॅरन ग्रीनबर्गने जाहीरपणे लिहिलं की हा गेम सगळ्या महत्त्वाच्या मोजपट्ट्यांवर यशस्वी ठरलाय. मग वर्षभराने कुठली मोजपट्टी बदलली? हे कुणी सांगितलं नाही. एक्सबॉक्सची प्रेसिडेंट सॅरा बाँडला मे २०२४ मध्ये एका मुलाखतीत थेट विचारलं तर तिने गोलगोल उत्तर दिलं. माझी तक्रार इथे आहे. वर्गणीच्या धंद्यात एका गेमने किती कमावलं हे फक्त मालकाला माहीत असतं, करणाऱ्याला आपल्या कामाची किंमत सिद्धच करता येत नाही. दुकानात माल विकला जायचा तेव्हा निदान आकडा दोघांसमोर असायचा.

आणि मायक्रोसॉफ्टला पैशाची चणचण होती का? बंदची घोषणा व्हायच्या दोन आठवडे आधी जानेवारी ते मार्च २०२४ या तिमाहीचे आकडे आले होते, उत्पन्न ६१.९ अब्ज डॉलर, नफा २१.९ अब्ज डॉलर. एक्सबॉक्स कन्सोलची विक्री मात्र ३१ टक्क्यांनी घसरली होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड जवळपास ६९ अब्ज डॉलरला घेतल्याचा भार गेमिंग विभागावर होता. मशीन खपत नाही आणि अॅक्टिव्हिजन महागात पडलं, या दोन्हींशी टँगोचा संबंध शून्य, पण कात्री चालली ती टँगोवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आपल्याकडे सत्या नाडेलांचं नाव निघालं की छाती फुगते, हैदराबादचा माणूस एवढ्या मोठ्या कंपनीत सर्वात वर वगैरे, फुगू दे, पण मग त्याच कंपनीच्या अशा निर्णयांवर आपण दोन प्रश्न पण विचारावेत ना. जुलै २०२५ मध्ये परत जवळपास नऊ हजार नोकऱ्या कापल्या, गेमिंगमधले 'परफेक्ट डार्क' आणि 'एव्हरवाइल्ड' हे वर्षानुवर्षं चाललेले प्रोजेक्ट रद्द. दर वेळी मेलमध्ये भाषा तीच, प्राधान्यक्रम वगैरे.

जपानमध्ये हे जास्त बोचतं त्याला कारण आहे. तिथल्या कायद्यात सबळ कारणाशिवाय माणसाला काढता येत नाही, आणि इंडस्ट्रीत उदाहरणं पण वेगळी आहेत. वी यू हा कन्सोल चालला नाही तेव्हा निन्टेंडोचा प्रेसिडेंट सातोरू इवाताने जानेवारी २०१४ मध्ये स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्मा केला. त्याच्या आधी भागधारकांना तो म्हणाला होता की माणसं काढून तात्पुरते आकडे सुधारतील पण राहिलेल्यांचं मन खचेल आणि मन खचलेली माणसं जगाला आवडेल असं काही बनवणार नाहीत. लगेच कुणी म्हणेल निन्टेंडोकडे तेव्हा रोकड पडून होती. होतीच. मायक्रोसॉफ्टकडे काय कमी आहे?

पण जपानी कंपन्या म्हणजे संत असंही नाही. सोनीने २०२१ मध्ये स्वतःचा जपान स्टुडिओ, ज्यातून 'इको', 'शॅडो ऑफ द कोलोसस', 'ग्रॅव्हिटी रश' आले, जवळजवळ गुंडाळला आणि फक्त टीम असोबी ठेवली. आणि माझ्या विरोधातला सगळ्यात तगडा पुरावा तोच आहे, कारण त्या टीम असोबीने २०२४ मध्ये 'अॅस्ट्रो बॉट' दिला आणि गेम ऑफ द इयर घेऊन गेली. म्हणजे कापाकापीतूनही चांगलं निघतं असं कुणी म्हणू शकतो. मला मात्र उलट दिसतं, टीम असोबीचा प्रमुख निकोलस डुसे आणि त्याच्या टीमला दहा वर्षं छोटे छोटे गेम करत एकत्र राहू दिलं, म्हणून तो गेम झाला. आणि जी टीम मोडली तिचे जुने गेम आज सोनीच्या कपाटात आहेत. कापाकापीचा फायदा झाला हे तेव्हाच म्हणता येईल जेव्हा न झालेल्या गेमचाही हिशेब कुणी मांडेल.

मग करायचं काय? आपल्या महाराष्ट्राला एक घोषणा तोंडपाठ आहे, कसेल त्याची जमीन. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कुळाला जमिनीचा मालक मानलं, फुकट नाही, ठरवून दिलेली किंमत हप्त्यांनी भरून. तुलना पूर्ण बसत नाही हे मलाही दिसतंय, जमीनदाराने जमीन तयार केली नव्हती, इथे मालकाने पगार दिलेत, धोका पत्करलाय. म्हणूनच मी फुकट द्या म्हणत नाही. स्टुडिओ बंद करायचा ठरलं तर आधी काही महिन्यांची नोटीस द्या, त्या काळात स्टुडिओचं नाव आणि तिथे तयार झालेल्या गेमचे हक्क त्रयस्थाने ठरवलेल्या किमतीला विकत घ्यायचा पहिला हक्क त्या टीमचा, किंमत रोख नाही जमली तर पुढच्या विक्रीतून टक्केवारी. टीमला नको असेल तर बाहेरचा ग्राहक शोधा. तोही नाही मिळाला तर ठेवा तुमच्याकडे, पण पाच वर्षं त्या आयपीवर काहीच केलं नाही तर परत टीमकडे.

हे हवेतलं नाही. डेन्मार्कच्या आयओ इंटरअॅक्टिव्ह स्टुडिओला त्यांची मालक कंपनी स्क्वेअर एनिक्सने २०१७ मध्ये नको म्हटलं तेव्हा मॅनेजमेंटने स्टुडिओ विकत घेतला आणि 'हिटमॅन' सोबत घेऊन गेले, पुढे 'हिटमॅन ३' त्यांनी स्वतःच्या जोरावर २०२१ मध्ये काढला. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या ताब्यातून टॉइज फॉर बॉब हा स्टुडिओ २०२४ च्या सुरुवातीला स्वतंत्र झाला, टँगोच्या घोषणेच्या दोनच महिने आधी, म्हणजे रस्ता माहीत होता. आणि वापर नाही तर हक्क परत, ही कल्पना आपल्याच १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. कलम १९(४) म्हणतं की हक्क विकत घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते परत जातात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. ती शेवटची पळवाट आहेच, आणि पगारी नोकराच्या कामाचे हक्क मुळातच मालकाचे असतात, त्यामुळे गेमवाल्यांना याचा आज काही फायदा नाही. पण २०१२ च्या दुरुस्तीने सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला जो त्यांना करारात सोडूनही देता येत नाही. तेव्हाही निर्माते म्हणाले होते की धंदा बुडेल.

बाजारच हे करून घेईल, कायदा कशाला, असं म्हणणाऱ्यांना टँगोचं पुढचं प्रकरण आवडतं. १२ ऑगस्ट २०२४ ला दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने जाहीर केलं की ते टँगो घेतायत, 'हाय-फाय रश' च्या हक्कांसकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण. पण नीट बघा काय मिळालं. 'द ईव्हिल विदिन' आणि 'घोस्टवायर' मायक्रोसॉफ्टकडेच राहिले, म्हणजे टीमचं निम्म्याहून जास्त आयुष्य मागे राहिलं, आणि तीन महिन्यांत ज्यांना दुसरी नोकरी धरावी लागली ते गेलेच. शिवाय ही वाचवणारी कंपनी तरी कोण? क्राफ्टनने २०२१ मध्ये 'सबनॉटिका' वाल्या अननोन वर्ल्ड्सला ५० कोटी डॉलरला घेतलं, वर लक्ष्य गाठलं तर २५ कोटी डॉलरपर्यंत बोनस असा करार. जुलै २०२५ मध्ये क्राफ्टनने त्या स्टुडिओच्या तिन्ही प्रमुखांना काढलं, पुढचा गेम लांबला, आणि बोनस टाळायलाच हे केलं असा आरोप करत ते डेलावेअरच्या कोर्टात गेले. क्राफ्टनचं म्हणणं की त्यांनी कामाकडे लक्ष दिलं नाही. कोण खरं ते बाजूला ठेवा, पण टँगोचं नशीब चांगल्या मालकाच्या मर्जीवर सोडणं किती कच्चं आहे ते कळतं. आज कौतुकाने घेणारा उद्या कसा वागेल हे करारात लिहिलेलं असेल तेवढंच खरं.

क्राफ्टन म्हणजे तीच, जिचा बीजीएमआय आपल्याकडे लोकल ट्रेनमध्ये, कॉलेज कँटीनमध्ये पोरं खेळत असतात. आणि २०२५ च्या मार्चमध्ये याच क्राफ्टनने पुण्याच्या नॉटिलस मोबाइलमध्ये, म्हणजे 'रिअल क्रिकेट' वाल्यांमध्ये, बहुमताचा वाटा घेतला. पुण्यातल्या टीमने घडवलेला गेम, करोडो लोकांनी डाउनलोड केलेला, आता त्याची चावी सोलमध्ये. यात गैर काही नाही, चांगला भाव मिळाला असेल, पैसा आला तर गेम सुधारेल. पण उद्या सोलमध्ये कुणी प्राधान्यक्रम बदलले तर पुण्यातल्या प्रोग्रामरच्या हातात काय राहतं हा प्रश्न आता फक्त टोकियोचा नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठीचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींचा आराखडा, पार २०५० पर्यंतचा. जागा देणार, सवलती देणार, रोजगार येणार, सगळं छान. जगातल्या सगळ्या कंपन्यांना आपण कायदा लावू शकत नाही, पण आपल्या पैशाला अट लावू शकतो. जो स्टुडिओ किंवा ज्याची मूळ कंपनी या सवलती घेईल तिने लिहून द्यायचं, इथला स्टुडिओ बंद केला तर इथे घडलेल्या गेमच्या खरेदीचा पहिला हक्क इथल्या टीमचा. सवलतीच्या अर्जात एक परिच्छेद वाढेल. ज्या कंपनीला तो जड वाटेल तिने सवलत न घेता यावं, कुणी अडवलेलं नाही.